खंड पडलेल्यांचा वर्ग

आमच्या योगवर्गाची हजेरीची वही एखाद्या तपासनिसाच्या हाती पडली, तर वर्ग बंद करावा अशीच शिफारस तो करील. एकाही नावापुढे सलग वर्षभराच्या खुणा नाहीत. लग्नसराईत अर्धी पानं कोरी, गौरी-गणपतीत सगळीच. मध्ये मध्ये मी अक्षरं लिहून ठेवते. ‘बा’ म्हणजे लेकीचं नाहीतर सुनेचं बाळंतपण, ‘सु’ म्हणजे सुगी, ‘द’ म्हणजे घरातलं कुणीतरी दवाखान्यात. नुसती फुली म्हणजे कारण न सांगता यायची बंद झालेली. साताऱ्यातल्या एका पेठेत, देवळाच्या सभामंडपात हा वर्ग बरीच वर्षं चालू आहे. सतरंजी देवळाची, चटई जिची तिची, वेळ सकाळी सहाची. फी इतकी कमी, की ती बुडाल्याचं दुःख कुणालाच होत नाही, मलाही नाही.

माझं शिक्षण लोणावळ्याच्या कैवल्यधामात झालं. स्वामी कुवलयानंद, म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी 1924 साली ही संस्था काढली ती योगाची शास्त्रीय तपासणी करण्यासाठी. नौली करताना पोटाच्या आतला दाब कसा उणा होतो हे त्यांनी यंत्र लावून मोजलं आणि त्या पोकळीला आपल्या गुरूंचं, परमहंस माधवदासजींचं नाव दिलं. ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही त्याच वर्षी सुरू केलं. कुठल्याही क्रियेबद्दल ‘पण आत नेमकं होतं काय?’ असं विचारायची खोड मला तिथे लागली, ती अजून सुटलेली नाही. तिथली दिनचर्या मात्र घंटेवर चालायची. घंटा झाली की प्राणायाम, घंटा झाली की जेवण, आणि जेवण दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं. अभ्यास हे एकच काम ज्याला आहे त्याचा अभ्यास सलग होतो. यात त्याचं कौतुक थोडं आणि स्वयंपाक्याचं जास्त. साताऱ्यात येऊन वर्ग सुरू केला तेव्हा पहिल्याच वर्षी लक्षात आलं, की माझ्यासमोर बसणाऱ्या सगळ्याजणी स्वयंपाक्याच्या बाजूच्या आहेत.

योगसूत्रांत आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत. स्थिर बसता यावं, सुखाने बसता यावं, ओढाताण नसावी, एवढीच तिथे अपेक्षा. अभ्यासाच्या बाबतीत मात्र पतंजली कडक आहेत. पुष्कळ काळ, मध्ये खंड न पाडता आणि आदराने केला तरच अभ्यास पक्का होतो, असं ते सांगतात. शिबिरांमधून यातली मधली अट हमखास ऐकवली जाते. आमच्याकडे एकदा बाहेरगावचे एक मोठे वक्ते आले होते. एक दिवस चुकला म्हणजे आठ दिवस मागे गेलात असं समजा, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या. पुढच्या महिन्यात, ज्यांचे आठवडेच्या आठवडे चुकले होते त्या यायच्याच बंद झाल्या. त्यातली एक भाजी मंडईत भेटली. म्हणाली, “ताई, हिशेब करून बघितला मी. आपण तर जन्मायच्या आधी पोचलो! मग आता येऊन तरी काय करू?”

तिचा हिशेब बरोबर होता, वक्त्यांचा चुकला होता. संसारी बाईच्या अभ्यासात खंड पडणार हे सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं आहे. तो पडू नये म्हणून दटावणारे पुष्कळ आहेत. पडल्यावर परत कसं यायचं, आल्यावर कुठून सुरू करायचं आणि मधल्या काळात काय सांभाळून ठेवायचं, हे शिकवणारं कुणी नाही. मी स्वतःचं काम तेवढंच मानते.

याला आधार शोधायला लांब जावं लागलं नाही. गीतेचा सहावा अध्याय ध्यानाचा. बसायची जागा फार उंच नको, फार सखल नको. खाणं, झोपणं, जागणं सगळं बेताचं, असं कृष्णाने सांगून झाल्यावर अर्जुन आधी मन आवरत नाही अशी तक्रार करतो. ती तक्रार सगळ्यांना पाठ असते. पण त्यानंतर तो आणखी एक प्रश्न विचारतो, तो मला उभ्या गीतेतला सगळ्यांत घरगुती प्रश्न वाटतो. श्रद्धा आहे, सुरुवातही केली, पण जमलं नाही, अर्ध्यावर सुटलं; अशा माणसाचं पुढे काय होतं? इकडचं गेलं आणि तिकडचंही गेलं, असं तर होत नाही ना? कृष्णाचं उत्तर असं, की असा माणूस कुठेच वाया जात नाही. पुढच्या जन्मी चांगल्या घरात येतो आणि जिथे सुटलं होतं तिथून पुढे निघतो. पुढच्या जन्माबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. याच जन्मात, दोन-तीन वर्षांनी परत आलेल्या बायकांच्या बाबतीत मात्र हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

ज्ञानेश्वरांनी या अध्यायात नाथपंथातून आलेली कुंडलिनीची वाट मराठीत उघड करून सांगितली, त्यामुळे ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय म्हटलं की लोक तिथेच थबकतात. आमच्याकडे पारायणाला बसणाऱ्या बायकाही त्या ओव्या भीतभीत, सावकाश वाचतात, आणि योगभ्रष्टाच्या, म्हणजे अर्ध्यावर सुटलेल्याच्या, ओव्या येईपर्यंत आरतीची वेळ झालेली असते. मी म्हणते, उलट करा. कुंडलिनी कुठे जात नाही, या शेवटच्या ओव्या आधी वाचा. विनोबांची ‘गीता प्रवचने’ही वर्गात अधूनमधून वाचली जातात. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली दर रविवारी एक अध्याय असं ते बोलले आणि साने गुरुजींनी लिहून घेतलं. हे विनोबा आमच्या वाईच्या प्राज्ञपाठशाळेत काही काळ शिकलेले, त्यामुळे साताऱ्याच्या माणसाला ते जरा घरचेच वाटतात. सहाव्या अध्यायावर बोलताना ते चित्ताच्या एकाग्रतेबरोबर दोन गोष्टी आणखी मागतात: जगण्यात माप असणं आणि सगळ्यांकडे सारख्या नजरेने बघता येणं. म्हणजे डोळे मिटून बसणं हा जेमतेम तिसरा हिस्सा झाला. बाकीचं डोळे उघडे ठेवूनच करायचं. ही प्रवचनं तुरुंगातली आहेत हे सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतून एकजण म्हणाली, “कैद्यांना निदान रविवार तरी होता.”

परत येणारी बाई लगेच ओळखू येते. दारात चपला काढतानाच ती शेवटच्या रांगेत जागा आहे का बघते. “ताई, सगळं विसरले बघा,” हे तिचं पहिलं वाक्य. मी तिला काही दिवस सूर्यनमस्कार घालू देत नाही. तिला शिक्षा वाटते, पण मला आधी मधल्या काळाचा जमाखर्च हवा असतो. पिशवीचं ऑपरेशन झालं का? मोतीबिंदू काढला का? बीपीची गोळी सुरू झाली का? डॉक्टरांनी ‘मणक्यात गॅप’ सांगितली का? या प्रत्येक उत्तराने तिचा अभ्यास बदलतो. डोळ्यांचं ऑपरेशन ताजं असेल तर डोकं खाली जाईल असं काही नाही, आणि काचबिंदू असेल तर कायमचंच नाही. पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर धनुरासन, नौकासन, कपालभाती बंद. डॉक्टरांची परवानगी कागदावर आणा म्हणते, तोंडी चालत नाही, कारण तोंडी परवानगी बहुतेक वेळा नवऱ्याने दिलेली असते. गुडघे गेले असतील तर वज्रासनाचा हट्ट सोडून खुर्ची. खुर्चीवर बसायला बायकांना फार संकोच वाटतो, देवळात उंच बसल्यासारखं होतं म्हणतात. मग मी स्वतः दोन दिवस खुर्चीवर बसून शिकवते. तिसऱ्या दिवशी खुर्च्या कमी पडतात.

कपालभातीचं थोडं जास्त सांगायला हवं, कारण खंडाच्या काळात घरोघरी टीव्हीवर बघून तेवढी एकच गोष्ट चालू ठेवलेली असते आणि तीही भरधाव. पंधराव्या शतकाच्या आसपासच्या हठप्रदीपिकेत कपालभाती प्राणायामात धरलेलीच नाही. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या रांगेत, शुद्धिक्रियांमध्ये ती येते. साफसफाईचं काम ते, उरकायचं आणि पुढे जायचं. चढलेला रक्तदाब, हर्निया, गरोदरपण यात ती नको, हे पहिल्याच पाठात सांगितलं जातं. तरी “ताई, पाचशे ठोके मारते रोज” असं अभिमानाने सांगणारी भेटतेच. तिचं बीपी मोजायचं यंत्र मी पिशवीत ठेवलेलं आहे. आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की ठोके आपोआप कमी होतात.

दुसरा एक समज असाच घट्ट बसलेला. प्राणायामाने भरपूर ऑक्सिजन मिळतो, म्हणून तो करायचा. करोनाच्या दिवसांत बोटाला लावायचं यंत्र घरोघरी आलं, त्याचा मला उपयोग झाला. निरोगी माणसाचा आकडा आधीच 97-98 असतो, शंभराच्या वर तो जाऊन जाऊन किती जाणार? कुवलयानंदांनीही प्राणायामाची किंमत ऑक्सिजनवर ठरवू नका, हे त्या काळी लिहून ठेवलेलं आहे. मग होतं काय? ते मी मनगटावर दाखवते. आपली नाडी आपणच धरायची, अंगठ्याच्या मुळाशी, तीन बोटांनी. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना रेंगाळतात. सोडणं लांबवलं की रेंगाळणंही लांबतं. उतारवयात हा फरक पुसट होतो, पण चाळिशीपर्यंतच्या बाईला तो बोटाखाली स्पष्ट कळतो. ज्या दिवशी तो कळतो त्या दिवशी चेहरा बघण्यासारखा असतो. एकीने विचारलं होतं, “म्हणजे हे मघाशीही चालू होतं? आपण लक्ष देत नव्हतो तेव्हाही?” आसनं विसरतात, क्रम विसरतो, नावं तर हमखास विसरतात. सोडलेला श्वास लांबवायचा हे एकदा बोटाखाली कळलं की विसरत नाही. म्हणून मी नव्या बाईला पहिल्या आठवड्यात तेच शिकवते. कधी बंद होईल सांगता येत नाही. जाताना निदान एवढं तरी बरोबर जाऊ दे.

सगळ्यांत मोठा खंड पाडून आलेली बाई म्हणजे एक आजी. सत्तरी ओलांडलेली, नातीबरोबर नुसती बघायला आली होती. माहेर औंध संस्थानातलं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टे पुरस्कर्ते. नमस्कारांवर त्यांनी पुस्तकं लिहिली, संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. आज जगभर योगाच्या वर्गात जो सूर्यनमस्कार घालतात तो तसा लोकप्रिय व्हायला या सातारा जिल्ह्यातल्या छोट्याशा संस्थानाचा मोठा हातभार आहे. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांतल्या आसनांच्या यादीत तो सापडत नाही. आजी शाळेत परकर सावरून नमस्कार घालायच्या. मग संस्थान विलीन झालं, शाळा सुटली, लग्न झालं, सहा मुलं झाली, त्यांची लग्नं झाली. मध्ये काही नाही. आमच्या मंडपात नमस्कार चाललेले बघून त्या उठल्या, भिंतीला एक हात लावून उभ्या राहिल्या, आणि वाकताना श्वास सोडला. कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही बारा आकड्यांत घालतो, त्यांचा नमस्कार दहातच संपला, औंधच्या पद्धतीचा. “तुमचे दोन जास्तीचे कुठनं आले गं?” असं त्यांनीच मला विचारलं. पुढे दोन वर्षं त्या आल्या. जमिनीवरचा नमस्कार काही त्यांना मी घालू दिला नाही, भिंतीला धरून रोज तीन. मधली सगळी वर्षं त्यांनी मोजली असती, तर त्या वक्त्यांच्या हिशेबाने त्यांचं काय झालं असतं कोण जाणे.

दुसरी एक एसटीत कंडक्टर आहे. तिची ड्युटी दर आठवड्याला वेगळी, कधी मुक्कामी गाडी, त्यामुळे महिन्यात चार-पाच वेळाच येते आणि आली की आधी माफी मागते. सातारा-महाबळेश्वर फेरी तिला नेहमी असते. पसरणीच्या घाटात निम्मी गाडी उलट्या करते, सुट्ट्या पैशांवरून भांडण ठरलेलं, आणि 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर गर्दीही वाढली. कुणाचं आधारकार्ड, कुणाचा पास, तिकिटाचं यंत्र मध्येच अडकतं. संध्याकाळी भरणा करताना पैसे कमी पडले तर खिशातून. तिला मी आसनं शिकवायच्या भानगडीत फारशी पडले नाही. घोटे आणि पोटऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगितल्या, दिवसभर उभं राहून शिरा फुगतात म्हणून पाय भिंतीला लावून झोपायला सांगितलं, आणि तो एक श्वास. तिने त्याची जागा स्वतः शोधून काढली. थांबा आला, माणसं चढली-उतरली, दार लागलं, डबल बेल दिली, की एक श्वास पूर्ण सोडायचा. मगच पुढच्या तिकिटाला हात. “आवं ताई, थांबं लई हैत त्या रस्त्याला,” ती हसत म्हणाली, “तुमच्या वर्गापेक्षा माझं जास्त होतंय बघा.” वहीत तिच्या नावापुढे जवळजवळ कोरंच आहे. आमच्या वर्गात सगळ्यांत सलग अभ्यास कुणाचा, असं मला विचारलं तर मी तिचं नाव सांगेन.

ध्यानाला बसलं की मन पळतं, ही तक्रार मी फार मनावर घेत नाही. मनाचं ते कामच आहे, आणि दिवसभर वीस जणांच्या गरजा लक्षात ठेवणाऱ्या बाईचं मन पळालं नाही तर घर थांबेल. शवासनात निम्म्या झोपतात, काही चक्क घोरतात. पुस्तकात झोप हा अडथळा सांगितलाय. मी झोपू देते. पाच तासांच्या झोपेवर चालणाऱ्या बाईला जागं करून साक्षीभाव शिकवणं हा मला तरी क्रूरपणा वाटतो. आधी झोपेची बाकी फिटू दे. ज्या खरोखर बसू इच्छितात त्यांना मी नवं काही देत नाही, त्यांच्याजवळ असलेलंच घ्यायला सांगते. कुणाचा हरिपाठ असतो, कुणाची रामरक्षा, सज्जनगडावर जाणाऱ्यांचं रामनाम. मोठ्याने, संथ म्हणायचं, ओळ संपेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. 2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास छापून आला होता. इटलीतल्या डॉक्टरांनी काही लोकांना लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्रही म्हणायला लावला. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास उतरली आणि हृदयाची लय सुधारली. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. हरिपाठावर असा प्रयोग झाल्याचं मी वाचलेलं नाही, पण वर्गातल्या घड्याळावर मी मोजून बघितलंय, संथ म्हणणाऱ्या आजीबाईंचा आकडा फार लांब नसतो. त्यांना तो आकडा सांगितला तर त्या म्हणतात, देवाला काय मोजायचं! तेही खरं आहे. मी मात्र शास्त्राच्या घरची, मला मोजल्याशिवाय राहवत नाही.

या बायकांना ‘तुमची पूजा वेगळी आणि योग वेगळा’ असं कुणीतरी शिकवून ठेवलेलं असतं. तो भेद काढून टाकला की खंड निम्म्याने कमी होतो, कारण वर्ग सुटला तरी संध्याकाळचा दिवा सुटलेला नसतो. दिव्यापाशी पाच मिनिटं ताठ बसून म्हणायचं, एवढीच दुरुस्ती.

आषाढाच्या आधी वर्ग पुन्हा रोडावतो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण असे मुक्काम होतात. काहीजणी आळंदीपासूनच चालतात, काही लोणंदला जाऊन मिळतात, बाकीच्या भाकरी-चटणी घेऊन वारकऱ्यांना वाढायला जातात. 2015 पासून 21 जूनला योग दिवस असतो आणि काही वर्षी तो नेमका वारीच्या दिवसांत येतो. मैदानावर माणसं भरायला माझ्याकडे निरोप येतो, किती बायका आणाल? ठरलेला पंचेचाळीस मिनिटांचा कार्यक्रम, छापील टी-शर्ट, फोटो. माझ्या वर्गातल्या तेव्हा चांदोबाच्या लिंबाजवळ रिंगण बघत असतात. रोज पहाटे उठून पंधरा-वीस किलोमीटर चालायचं, मिळेल ते बेताने खायचं, मिळेल तिथे झोपायचं, तोंडात नाम, शेजारी कोण चालतंय याची जात विचारायची नाही. विनोबांचे तिन्ही हिस्से त्यात आले. मी वहीत त्या दिवसांची गैरहजेरी मांडत नाही. योग दिवसाबद्दल माझी तक्रार नाही, त्या निमित्ताने दरवर्षी दोघी-चौघी नव्या येतात. फक्त 22 जूनला त्यांना बोलावणारं कुणी नसतं.

राहिली पतंजलींची तिसरी अट, आदराची. टीकाकार तिचा अर्थ साधकाची श्रद्धा असा लावतात. इतकी वर्षं वही भरल्यावर मी ती अट साधकाइतकीच तिच्या घरालाही लावते. कोण टिकलं, कोण गेलं हे बघताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: टिकण्याचा संबंध शरीराच्या लवचीकतेशी नाही, वयाशी नाही, इच्छाशक्तीशी तर फारच थोडा. घरात त्या एका तासाची जबाबदारी दुसऱ्या कुणी उचलली का, यावर सगळं ठरतं. एका घरातल्या सासू-सुनांनी वार वाटून घेतलेत. एक सोमवार-बुधवार-शुक्रवार येते, दुसरी उरलेल्या दिवशी. दोघींचं चांगलं चाललंय, आणि दोघी एकत्र कधीच येत नाहीत हेही कदाचित त्याचं कारण असेल. एक निवृत्त मास्तर बायकोला स्कूटरवरून सोडायला यायचे आणि तासभर पारावर पेपर वाचत बसायचे. एके दिवशी मी त्यांना सहज म्हटलं, “सर, आत्ता तुमच्या घरी नळाला पाणी आलं असेल.” त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं. पण आता बाई रिक्षाने येतात आणि पाणी सर भरतात.

याच्या उलट उदाहरणं जास्त आहेत. शवासनात फोन वाजतो. मी बंद ठेवायला सांगते, पण घरी म्हातारं माणूस असलेल्या बाईला तसं सांगता येत नाही. ती घाबरून उठते, फोन घेते, आणि पलीकडून विचारणा होते, चहापत्तीचा डबा कुठे ठेवलाय? दुधाचे पैसे किती द्यायचे? इस्त्रीचा शर्ट कुठला? मनाच्या वृत्ती आवरायला ती तासभर आलेली असते, आणि घरातल्या चार धडधाकट माणसांच्या वृत्ती तिच्या फोनवर येऊन आदळतात. पुन्हा आडवी पडते, पण पाठ जमिनीला टेकत नाही, ते मला उभ्यानेच दिसतं. चार-सहा वेळा असं झालं की ती यायची बंद होते, आणि नातेवाइकांत सांगितलं जातं की हिला कुठलीच गोष्ट नेटाने करता येत नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्या, विशेषतः पुरुष वाचकांना एक विनंती. तुमच्या घरातलं कुणी सकाळी चटई काखेला मारून बाहेर पडत असेल, तर तिला पतंजली सांगू नका, सकाळी उठण्याचे फायदे सांगू नका, यूट्यूबवरचे व्हिडिओ तर अजिबात पाठवू नका. तेवढा एक तास पाणी भरा, दूध तापवा, म्हाताऱ्यांना औषध द्या, आणि चहापत्तीचा डबा स्वतः शोधा. आणि जिचा वर्ग दोन महिन्यांपूर्वी किंवा दहा वर्षांपूर्वी सुटला असेल, तिने कारण सांगायच्या फंदात न पडता उद्या सरळ जाऊन बसावं. शिक्षिका शहाणी असेल तर ती विचारणार नाही. विचारलं तर वर्ग बदलावा.